ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला रेणू काढायचं सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि पंढरपूर, बार्शी, सांगोला, अक्कलकोट भागातल्या कॉलेजांमधून बीएस्सीचे विद्यार्थी, शिक्षक आणि लॅब असिस्टंट जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः केमस्केचची आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तेच असतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणांची नावं वेगळी असतील, चुका मात्र याच असतात.

१. एवढी सॉफ्टवेअर आहेत, त्यातलं कॉलेजच्या लॅबसाठी नेमकं कोणतं घ्यायचं?

विंडोजचे संगणक असतील तर एसीडी-लॅब्जचं केमस्केच घ्या. त्याची मोफत आवृत्ती शिक्षणासाठी आणि वैयक्तिक वापरासाठी चालते, एकदा टाकलं की नेट लागत नाही आणि पदवीच्या अभ्यासक्रमात लागतं ते जवळपास सगळं त्यात आहे. केमड्रॉ जास्त सफाईदार आहे, १९८५पासून चालत आलंय आणि शोधनिबंधांच्या जगात त्याचीच चलती आहे, पण ते विकत घ्यावं लागतं. मार्व्हिनसाठी शैक्षणिक परवाना मागावा लागतो. फक्त त्रिमितीत रेणू फिरवून दाखवायचा असेल तर अव्होगॅड्रो पुरेसं आहे. ते मुक्त आणि मोफत आहे.

एका बॅचला एकच सॉफ्टवेअर ठेवा. अर्धी मुलं एकावर आणि अर्धी दुसऱ्यावर असली की प्रॅक्टिकलचा सगळा वेळ ‘सर, माझ्याकडे हे बटणच नाही’ यातच जातो.

२. आमच्या लॅबमध्ये उबुंटू आहे आणि नेट कधी असतं, कधी नसतं. मग?

बीकेकेम आणि जेकेमपेंट हे दोन्ही लिनक्सवर चालतात, त्रिमितीसाठी अव्होगॅड्रोही चालतं. नेट असेल त्या दिवशी ब्राउझरमधलं केचर किंवा पबकेमचं रेखाटन-पान वापरा, काही टाकावं लागत नाही. लिनक्सवर वाइनमधून (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणारं साधन) केमस्केच चालवण्याचा खटाटोप एका संगणकावर जमतो. पंधरा संगणकांवर तो करत बसू नका.

३. मुलांकडे लॅपटॉप नाहीत, फोन आहेत. फोनवर जमेल का?

बघायला जमेल, काढायला कटकट होते. मोलव्ह्यू फोनच्या ब्राउझरमध्ये उघडतं, नाव टाकलं की रेणू फिरवून बघता येतो. किंगड्रॉसारख्या अ‍ॅपमध्ये बोटाने रचना काढता येते, पण वेज बंध (पाचरीसारखी रेष, आपल्याकडे आलेला बंध दाखवणारी) नेमक्या अणूपासून सुरू करणं पाच इंचाच्या पडद्यावर अवघड जातं. घरचा अभ्यास फोनवर आणि जमा करायचं काम लॅबमध्ये, अशी विभागणी बरी पडते. फोन प्रयोगाच्या टेबलावर न्यायचा का, ते प्रश्न २१मध्ये आहे.

४. केमड्रॉचं क्रॅक केलेलं व्हर्जन मिळतंय. टाकावं का?

नको. ते बेकायदेशीर आहे, अशा फायलींतून व्हायरस येतात आणि लॅबमधल्या एका पेनड्राइव्हवरून सगळे संगणक आडवे होतात. पदवीच्या कामात केमड्रॉवाचून अडतं असं काही नाही.

५. पहिल्या तासाला मुलांकडून काय काढून घ्यावं?

बेंझिन किंवा मिथेनने सुरुवात करू नका, त्यात शिकण्यासारखं फार नाही. ज्या पदार्थाचं प्रिपरेशन, म्हणजे तो तयार करायचा प्रयोग, त्याच आठवड्यात आहे तोच काढायला द्या. अ‍ॅसिटॅनिलाइड उत्तम, कारण त्यात वलय, नायट्रोजन आणि दुहेरी बंध हे तिन्ही येतं.

वर डावीकडे ‘स्ट्रक्चर’ मोड चालू आहे ना, ते आधी बघा. तयार वलयांतून बेंझिन उचलून पानावर एकदा क्लिक करा. मग अणूंच्या पट्टीतून कार्बन निवडून वलयाच्या एका कोपऱ्यावर क्लिक केलं की एक बंध बाहेर येतो. त्याच्या टोकावर क्लिक करत साखळी तीन अणूंची करा. वलयाला जोडलेल्या पहिल्या अणूवर नायट्रोजन निवडून क्लिक केलं की कार्बनचा नायट्रोजन होतो आणि हायड्रोजन आपोआप मोजला जातो. मधल्या कार्बनला आणखी एक बंध काढून टोकाला ऑक्सिजन करा. त्या बंधाच्या मध्यावर क्लिक केलं की तो दुहेरी होतो. शेवटी ‘क्लीन स्ट्रक्चर’ दाबा, म्हणजे कोन आणि लांबी सरळ होतात.

आता रेणुसूत्र बघा. सी८एच९एनओ आणि रेणुभार १३५.१७ आला तर रचना बरोबर. रचना झाली की रेणुसूत्र हातानेही मोजायचं आणि पडद्याशी ताडून बघायचं, ही सवय पहिल्याच तासाला लावा. पुढचे निम्मे प्रश्न त्यातच मिटतात.

६. रचना डोळ्यांना बरोबर दिसते, पण रेणुभार चुकतो. असं का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. पडद्यावर जे दिसतं आणि सॉफ्टवेअर जे मोजतं, त्यात फरक पडलेला असतो. चुकीचा आकडाच बहुतेक वेळा कारण सांगून जातो.

बेंझिनचा रेणुभार ७८.११ऐवजी ८४.१६ येतोय? मग षटकोनात जे वर्तुळ दिसतंय ते ‘ड्रॉ’ मोडमधून काढलेलं नुसतं चित्र आहे. सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे सायक्लोहेक्झेन आहे. वर्तुळ पुसा आणि एकाआड एक दुहेरी बंध द्या.

बेंझॉइक अ‍ॅसिडला १२२.१२ऐवजी ७८.११ येतोय? ‘सीओओएच’ हा मजकूर म्हणून टाइप केलेला आहे, रेणूला जोडलेलाच नाही. ९२.१४ येत असेल तर वलयातून बंध काढला आणि त्याच्या टोकावर मजकूर ठेवला. सॉफ्टवेअरला टोकाला मिथाइल दिसतो, म्हणजे तुमच्या हातात टोल्यूइन आहे. गट लिहायचा तर अणूचं लेबल बदलायच्या साधनाने किंवा रॅडिकल्सच्या तक्त्यातून घ्या. सुरुवातीला तर एकेक अणू काढलेलाच बरा.

आकडा नेमका १६.०४ने जास्त आहे? मग पानावर रिकाम्या जागी कुठेतरी चुकून क्लिक झालंय आणि एक मिथेन पडून आहे. तो वलयाच्या मागे किंवा पानाच्या कडेला लपलेला असतो. सगळं सिलेक्ट करून बघा, लगेच सापडतो.

कार्बन जुळतात पण हायड्रोजन दोन जास्त येतात, तेव्हा एक बंध जोडलाच गेलेला नसतो किंवा एखादा दुहेरी बंध राहिलेला असतो. अर्धा रेणू सिलेक्ट करून बाजूला ओढा. जोडलेला असेल तर बंध ताणला जातो, नसेल तर तुकडा सरळ निघून येतो.

७. सॉफ्टवेअर दोन वजनं दाखवतं. यील्ड (प्रयोगातून मिळणारा पदार्थ) काढताना कोणतं धरायचं?

सरासरी रेणुभार, म्हणजे जिथे ‘फॉर्म्युला वेट’ किंवा ‘मॉलिक्युलर वेट’ लिहिलेलं असतं तो. ‘एक्झॅक्ट मास’ किंवा ‘मोनोआयसोटोपिक मास’ हा मास स्पेक्ट्रमसाठी असतो, तो एकेका समस्थानिकाच्या वस्तुमानावरून येतो.

अ‍ॅस्पिरिनला फरक कळत नाही: १८०.१६ आणि १८०.०४. पण पॅरा-ब्रोमोअ‍ॅसिटॅनिलाइडला सरासरी २१४.०६ येतो आणि एक्झॅक्ट मास २१२.९८. ब्रोमीनचे ७९ आणि ८१ हे समस्थानिक निसर्गात जवळपास निम्मे-निम्मे आहेत, म्हणून इतकी तफावत. बाटलीतून वजन करून घेतलेल्या पावडरीत दोन्ही असतात, तेव्हा गणित सरासरीवरच करायचं.

८. थिऑरेटिकल यील्ड सॉफ्टवेअरकडूनच काढून घेतलं तर चालेल का?

रेणुभार त्याच्याकडून घ्या, गणित स्वतः करा. केमड्रॉमध्ये अभिक्रियेखाली स्टॉइकिओमेट्रीचा तक्ता येतो. तो सोयीचा आहे, पण त्यात काय भरायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं.

अ‍ॅस्पिरिनचं उदाहरण घ्या. सॅलिसिलिक अ‍ॅसिड २.० ग्रॅम भागिले १३८.१२ म्हणजे १४.५ मिलीमोल. अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड ५ मिली, घनता १.०८, म्हणजे ५.४ ग्रॅम, भागिले १०२.०९, म्हणजे जवळपास ५३ मिलीमोल. अ‍ॅनहायड्राइड भरपूर आहे, मर्यादा सॅलिसिलिक अ‍ॅसिडची. यील्ड २.६१ ग्रॅमच्या वर जाऊच शकत नाही. कुणाचं २.९ ग्रॅम आलं तर पदार्थ ओला आहे, कोरडा करून पुन्हा वजन करायला सांगा.

फसगत होते ती स्फटिकजलाशी, म्हणजे स्फटिकात बांधलेल्या पाण्याशी. बाटलीवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड डायहायड्रेट लिहिलेलं असतं, त्याचा रेणुभार १२६.०७. मुलं रचना काढतात नुसत्या ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची आणि ९०.०३ धरतात. सॉफ्टवेअर काढलेलंच मोजणार. मिथाइल ऑरेंजच्या वेळी सल्फॅनिलिक अ‍ॅसिडचंही तेच: निर्जल १७३.१९, मोनोहायड्रेट १९१.२. रचना काढण्याआधी बाटलीचं लेबल वाचायचं, हा नियम फळ्यावर लिहून ठेवा.

९. केमस्केच घनता आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्ससुद्धा देतं. ते जर्नलमध्ये लिहू का?

निरीक्षण म्हणून लिहू नका. ते रचनेवरून काढलेले अंदाज आहेत. साध्या द्रवांना ते बरे जुळतात, क्षारांना जुळतीलच असं नाही. मेल्टिंग पॉइंट तर केशनळीत पावडर भरून स्वतःच घ्यायचा.

१०. नायट्रो गट काढला की सॉफ्टवेअर लाल खूण करतं. आमच्या पुस्तकात तर तसाच काढलाय.

पुस्तकात नायट्रोजनला दोन दुहेरी बंध आणि एक एकेरी, म्हणजे पाच बंध दाखवलेले असतात. नायट्रोजनला पाच बंध शक्य नाहीत, ती लिहिण्याची जुनी सोय आहे. एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडा, दुसरा एकेरी बंधाने जोडून त्यावर ऋण भार द्या आणि नायट्रोजनवर धन भार. नायट्रोबेंझिनला १२३.११ आलं की झालं. काही सॉफ्टवेअर पाच बंधांची रचना मुकाट चालवून घेतात, पण म्हणून ती बरोबर ठरत नाही. मेटा-डायनायट्रोबेंझिनच्या प्रिपरेशनला हे दोनदा करावं लागतं. एकदा नीट काढलेला गट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा.

११. वेज आणि डॅश (मागे गेलेला) बंध काढले तरी आर-एस (कायरल कार्बनची डावी-उजवी मांडणी सांगणारी खूण) येत नाही, किंवा उलटं येतं.

तीन कारणं, याच क्रमाने तपासा.

पहिलं, वेजचं अणकुचीदार टोक कायरल कार्बनवर, म्हणजे चार वेगळे गट जोडलेल्या कार्बनवर हवं. रुंद टोकापासून ओढायला सुरुवात केली की वेज शेजारच्या अणूचा ठरतो. दोन कायरल कार्बनच्या मधल्या बंधाला वेज देणं टाळा, वाचणाऱ्याला आणि सॉफ्टवेअरला दोघांनाही संभ्रम होतो. वेज बाहेर जाणाऱ्या बंधाला द्या.

दुसरं, कोन. तीन साधे बंध आणि एक वेज असेल आणि ते तिन्ही साधे बंध एकाच बाजूला, अर्धवर्तुळात गोळा झालेले असतील, तर त्या आकृतीचा अर्थ दोन प्रकारे लागू शकतो. आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) २००६मध्ये त्रिमिती रचना कशा काढाव्यात याच्या शिफारशी दिल्या, त्यातही असं रेखाटन टाळायला सांगितलंय. बंध चारही बाजूंना पसरवा.

तिसरं आणि साधं कारण: तो कार्बन कायरलच नाही. चारपैकी दोन गट सारखे आहेत.

सरावाला आपल्याच शेतातला रेणू देता येईल. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात धुरिन असतं, ज्याच्यामुळे कोवळी ज्वारी खाल्लेली जनावरं दगावतात. त्याचा एक रेणू फुटला की ग्लुकोज, पॅरा-हायड्रॉक्सीबेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. ज्या कार्बनला सायनो गट आहे त्याची रचना एस आहे. तोच कार्बन आर केला तर तो टॅक्सिफायलिन हा दुसरा पदार्थ होतो. आधी कागदावर प्राधान्यक्रम लावायला सांगा: ऑक्सिजन, मग सायनो, मग बेंझिनचं वलय, शेवटी हायड्रोजन. मग पडद्यावर ताडून बघा. सायनो आणि वलय यांत हमखास वाद होतो. सायनोच्या कार्बनला तीन नायट्रोजन मोजले जातात, वलयाच्या कार्बनला तीन कार्बन, म्हणून सायनो वर.

१२. सायक्लोहेक्झेनची खुर्ची काढली आणि ‘क्लीन’ दाबलं तर सपाट षटकोन झाला!

होणारच. ‘क्लीन’चं काम सगळं सपाट, प्रमाणबद्ध करणं आहे. खुर्ची, हॉवर्थ, न्यूमन या आकृत्यांवर ते दाबायचंच नाही. दाबलं गेलं तर लगेच अनडू करा.

शर्करांना आणखी एक भानगड आहे. फिशर प्रोजेक्शनची आडवी-उभी फुली डोळ्यांना ग्लुकोज दिसते, पण सॉफ्टवेअर तिचा अर्थ कायरल केंद्र म्हणून घेईलच असं नाही. काही आवृत्त्या घेतात, काही नाही. ओसाझोनच्या प्रयोगासाठी ग्लुकोज काढलंत तर आर-एस खुणा दाखवायला सांगा. खुणा आल्या नाहीत तर तुमची आकृती चित्र म्हणून ठीक आहे, नाव किंवा त्रिमिती रचना तिच्यावरून काढू नका. त्यासाठी वेज-डॅशची आवृत्ती वेगळी काढा.

१३. डायबेंझालअ‍ॅसिटोनला नावात ई-ई (दुहेरी बंधाच्या दोन बाजूंचे गट विरुद्ध दिशांना असल्याची खूण) येतच नाही.

दुहेरी बंधाशेजारचे बंध सरळ रेषेत आले असतील तर सॉफ्टवेअरला बाजू ठरवता येत नाही. १२० अंशांचा कोन द्या, नागमोडी रचना करा, मग ई येतं. उलट, मिळालेला आयसोमर कोणता ते माहीत नसेल तर नागमोडी बंध वापरा. सहज म्हणून काढलेला कोनही सॉफ्टवेअर खराच धरतं.

इथे रेणुभारही बघा. पूर्ण पदार्थ सी१७एच१४ओ, २३४.३०. एकाच बाजूला बेंझाल्डिहाइड जोडलंत तर १४६.१९, म्हणजे बेंझालअ‍ॅसिटोन. अ‍ॅसिटोन जास्त पडलं की प्रत्यक्ष फ्लास्कमध्येही हेच होतं. दोनास एक हे प्रमाण का पाळायचं ते या दोन आकड्यांवरून मुलांना पटकन कळतं.

१४. अझो डाय अझो स्वरूपात काढायचा की हायड्रॅझोन? दोन पुस्तकांत दोन रचना आहेत.

परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमात आहे ती, बहुधा अझो. पण शिकवताना दोन्ही काढून घ्या.

अ‍ॅनिलीन शून्य ते पाच अंशांना डायझोटाइज करून २-नॅफ्थॉलशी जोडलं की १-फिनाइलअझो-२-नॅफ्थॉल मिळतो. (एप्रिलच्या सोलापुरात बर्फाचा अंदाज दुपटीने घ्या.) कागदावर आपण नायट्रोजनमध्ये दुहेरी बंध आणि शेजारी ओएच काढतो. घन स्थितीत मात्र हा पदार्थ मुख्यतः हायड्रॅझोन असतो: हायड्रोजन नायट्रोजनवर आणि नॅफ्थॉलच्या जागी कार्बोनिल. दोन्हींचं सूत्र सी१६एच१२एन२ओ, रेणुभार २४८.२८, म्हणजे यील्डच्या गणितात फरक नाही. नाव बदलतं आणि एनएमआरचा (चुंबकीय क्षेत्रात घेतलेल्या स्पेक्ट्रमचा) अंदाज बदलतो. सॉफ्टवेअर आपणहून एकाचं दुसरं करत नाही. त्याला टॉटोमर (हायड्रोजनची जागा बदलून एकमेकांत बदलणारी रूपं) माहीत असतात, तुमच्या पदार्थात कोणता जास्त आहे ते माहीत नसतं.

आपल्याकडच्या टॉवेल-चादरींच्या डाइंगमध्ये जे रिअ‍ॅक्टिव्ह रंग चालतात त्यातले बरेचसे अझो कुळातले, आणि त्यातल्याही अनेकांची गोष्ट हीच आहे. डायहाउसला भेट ठरली असेल तर आधीच्या आठवड्यात ही रचना घ्या.

१५. सॉफ्टवेअरचं नाव पुस्तकातल्या नावाशी जुळत नाही. चूक कुणाची?

बहुतेक वेळा कुणाचीच नाही. अ‍ॅस्पिरिनला सॉफ्टवेअर २-अ‍ॅसिटिलऑक्सीबेंझॉइक अ‍ॅसिड म्हणतं, अ‍ॅसिटॅनिलाइडला एन-फिनाइलअ‍ॅसिटामाइड. जुन्या पुस्तकात २-ब्युटॅनॉल असतं, नव्या पद्धतीत ब्युटॅन-२-ऑल. पेपरात अभ्यासक्रमातलं नाव लिहा, जर्नलमध्ये दोन्ही. अंकच वेगळे आले तर मात्र आधी रचना तपासा, पर्याय बऱ्याचदा चुकीच्या कोपऱ्यावर लागलेला असतो.

केमस्केचच्या मोफत आवृत्तीत नाव देण्याला ५० अणू आणि तीन वलयांची मर्यादा आहे. डाळिंबातल्या एलॅजिक अ‍ॅसिडला चार वलयं आहेत, तिथे ती आडवी येते.

१६. मेकॅनिझमचे बाण चुकले तर सॉफ्टवेअर सांगेल का?

नाही. वक्र बाण त्याच्यासाठी निव्वळ चित्र आहे. प्रोटॉनपासून ऑक्सिजनकडे बाण काढलात तरी ते चूं करणार नाही. बाण एकाकी जोडीपासून किंवा बंधापासून निघतो, पूर्ण टोकाचा बाण दोन इलेक्ट्रॉनचा, अर्ध्या टोकाचा एका इलेक्ट्रॉनचा, हे मुलाच्या डोक्यात असायला हवं. आणखी एक नेहमीची गल्लत: समतोलाचे दोन अर्धे बाण आणि रेझोनन्सचा दुतोंडी बाण यांची अदलाबदल. मेनूत ते शेजारी-शेजारी असतात. मेकॅनिझम आधी वहीत, तपासून झाल्यावर मग पडद्यावर, हा क्रम ठेवा.

१७. एनएमआर प्रेडिक्शन कितपत खरं मानायचं?

शिफ्टचा, म्हणजे स्पेक्ट्रममधल्या रेषेच्या जागेचा, साधारण पट्टा कळण्यापुरतं. केमस्केचच्या मोफत आवृत्तीत ते नाहीच, केमड्रॉच्या वरच्या आवृत्त्यांत आहे. ही साधनं शेजारच्या गटांचे ठराविक आकडे बेरजेने लावतात. ओएच आणि एनएच यांची जागा द्रावक, तीव्रता आणि तापमान यांवर हलते, तिथे अंदाजावर विसंबू नका.

डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) काढून बघा. चिंचोळी-तामलवाडी पट्ट्यातल्या अमाइन उद्योगामुळे डायमिथाइलअमाइन आणि डीएमएफ ही नावं इथल्या मुलांना नवी नाहीत. बेरजेचं साधन दोन्ही मिथाइलना एकच शिफ्ट देतं. प्रत्यक्ष स्पेक्ट्रममध्ये खोलीच्या तापमानाला २.९ पीपीएमजवळ दोन वेगळ्या रेषा दिसतात आणि ८.०जवळ अल्डिहाइडी हायड्रोजन. अमाइडच्या कार्बन-नायट्रोजन बंधाला थोडं दुहेरीपण असल्यामुळे तो सहज फिरत नाही, म्हणून दोन मिथाइलांचा शेजार वेगळा पडतो. कागदावरच्या एकेरी रेषेतून हे दिसत नाही.

अंदाजाचा स्पेक्ट्रम छापून ‘मिळालेला स्पेक्ट्रम’ म्हणून जर्नलला लावणं ही सरळ लबाडी आहे. छापलाच तर वर ‘अंदाजित’ असं लिहा.

१८. त्रिमिती ऑप्टिमायझेशन केलं की जो आकार येतो, तोच खरा आकार का?

जवळच सापडलेला एक स्थिर आकार आहे. सुरुवात वेगळी केली तर वेगळा येऊ शकतो: सायक्लोहेक्झेन कधी ट्विस्ट-बोटमध्येच अडकून बसतं. अव्होगॅड्रोमध्ये एमएमएफएफ९४ ही ऊर्जा मोजायची पद्धत निवडून एखादा अणू ओढा आणि पुन्हा ऑप्टिमाइझ करा, कमी ऊर्जेचा आकार धरा. ही ऊर्जा त्याच रेणूच्या दोन आकारांची तुलना करायला वापरा, दोन वेगळ्या रेणूंची नाही.

१९. रिफ्लक्स आणि डिस्टिलेशनची आकृती सॉफ्टवेअरने काढता येते का? टीएलसी (पातळ थरावर पदार्थ वेगळे करायची) प्लेटसुद्धा?

येते. केमस्केचच्या टेम्प्लेटमध्ये काचसामान तयार आहे. तुकडे जोडताना तपासा: पाणी कंडेन्सरच्या खालच्या नळीतून आत आणि वरच्या नळीतून बाहेर, थर्मामीटरचा फुगा साइड आर्मच्या तोंडासमोर, रिफ्लक्सचं वरचं टोक उघडं. पूर्ण बंद उपकरण तापवल्याची आकृती हमखास येते आणि तिचे गुण कापायलाच हवेत. केमड्रॉमध्ये टीएलसीचं साधन आहे, ठिपका सरकवला की आरएफ (ठिपक्याचं अंतर भागिले द्रावकाचं अंतर) दाखवतं. आधी खऱ्या प्लेटवर पट्टीने मोजा, मग ठिपका त्या आकड्यावर आणा.

२०. वर्डमध्ये पेस्ट केलं की रचना बिघडते, प्रिंट फिकट येते. मराठी मजकूरही तुटतो.

एक रचना मोठी आणि एक बारीक दिसते, कारण प्रत्येक चित्र कोपऱ्याला धरून वेगळं ओढलं जातं. काढण्याआधीच मापं ठरवून घ्या. केमड्रॉमधली एसीएस (अमेरिकन केमिकल सोसायटी) १९९६ची मापं चांगली आहेत: बंधाची लांबी ०.५०८ सेंमी, रेषेची जाडी ०.६ पॉइंट, अक्षर १० पॉइंट. तीच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरता येतात. प्रोजेक्टरला मात्र ०.६ची रेषा मागच्या बाकावरून दिसत नाही. तिथे जाडी दीड-दोन पॉइंट आणि अक्षरं १८च्या वर ठेवा.

झेरॉक्सला जाणारं पान रंगीत करू नका. लाल ऑक्सिजन आणि निळा नायट्रोजन झेरॉक्समध्ये करडे होऊन पुसट होतात. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि रेषा फुटतात. डॉक्युमेंट म्हणून किंवा पीडीएफ करून पाठवा.

बऱ्याच जुन्या रेखाटन-सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी नीट बसत नाही, वेलांटी आणि जोडाक्षरं सुटी पडतात. मराठी शीर्षकं वर्डमध्ये रचनेखाली टाका.

मूळ फाइल जपून ठेवा. वर्डमधली रचना पुढे बदलायची तर त्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर लागतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी डॉट-मोल फाइल करा, पण तिच्यात रेणू जातो, बाण, मजकूर आणि रंग जात नाहीत. आणि लाइट कधी जाईल ते सांगता येत नाही, यूपीएस नसेल तर दर रचनेनंतर सेव्ह.

२१. प्रयोग चालू असताना टेबलावर फोन-लॅपटॉप ठेवला तर चालेल का?

नाही. ग्लोव्ह्जला अ‍ॅनिलीन लागलेलं असतं, तोच हात पडद्याला आणि नंतर तोच पडदा गालाला. रचना, रेणुभार, प्रमाणं आणि धोक्याच्या खुणा आदल्या दिवशी एका पानावर छापून प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घाला आणि ते पान टेबलावर ठेवा.

२२. मॅडम म्हणतात जर्नलमध्ये प्रिंटआउट चिकटवायचा नाही, हातानेच काढायचं. मग सॉफ्टवेअर कशाला?

मॅडमचं बरोबर आहे. परीक्षेत पेन्सिलच असते. सॉफ्टवेअरवर रचना तपासा, मग ती न बघता जर्नलमध्ये काढा आणि शेवटी ताडून बघा. छापील आकृती प्रोजेक्ट रिपोर्ट, पोस्टर आणि सेमिनारसाठी.

२३. पबकेममधून किंवा चॅटबॉटला विचारून रचना घेतली तर?

पबकेम चालेल, पण नोंद नीट बघा. एकाच नावाखाली मुक्त अमाइन, त्याचं हायड्रोक्लोराइड आणि त्रिमिती न दाखवलेली रचना अशा वेगवेगळ्या नोंदी असतात. तुमच्या बाटलीवरच्या सूत्राशी जुळणारी घ्या. चॅटबॉट रचनेची जी अक्षरओळ देतो ती दिसायला बिनचूक असते आणि तिच्यात एखादा कार्बन कमी-जास्त असू शकतो. ती सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट करून सूत्र मोजल्याशिवाय वापरू नका. प्रश्न ६मधल्या तपासण्या इथेही लागू आहेत.

२४. सगळ्यांनी एकाचीच फाइल कॉपी करून दिली तर ओळखायचं कसं?

छापील पानाऐवजी डॉट-मोल फाइल जमा करून घ्या आणि नोटपॅडमध्ये उघडा. दुसऱ्या ओळीत सहसा सॉफ्टवेअरचं नाव, तारीख आणि वेळ असते. त्याखाली प्रत्येक अणूचे एक्स-वाय आकडे. दोन मुलांनी वेगवेगळं काढलं तर दशांशाच्या चार जागांपर्यंत सगळे आकडे जुळणं जवळपास अशक्य. एक सूट द्यावी लागते: दोघांनीही तयार टेम्प्लेट घेऊन शेवटी ‘क्लीन’ दाबलं असेल तर लहान रेणूंत आकडे खरोखर सारखे येऊ शकतात. तेव्हा वेळेची ओळ बघा, अणूंचा क्रम बघा. अणू ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने ते यादीत येतात, आणि दोघांचा क्रम पंधरा अणूंपर्यंत जुळला तर दोघांना समोरासमोर बसवून तीच रचना पुन्हा काढायला सांगा.